पळीभर तेल आणि बीजगणित : पाटणच्या मठापासून नाशिकच्या मुक्त विद्यापीठापर्यंत

१/
इ.स. १२०७. खानदेशातील पाटण हे बाजारपेठेचे गाव. तेथे चालणाऱ्या प्रत्येक तेलघाण्यामागे एक पळी तेल बाजूला काढून ठेवायचे, ग्राहकाकडून पाच सुपाऱ्या घ्यायच्या, धान्य मोजले की मापणावळीचा अर्धा वाटा वेगळा करायचा, असा ठराव झाला. हे तेल, या सुपाऱ्या आणि हा वाटा एका मठाला मिळणार होता. त्या मठात शिकवले जाणार होते भास्कराचार्यांचे ग्रंथ, म्हणजे अंकगणित, बीजगणित आणि ग्रहगणित.

२/
बीजगणिताच्या इतिहासात सिद्धान्त कोणी मांडला, कोणते समीकरण कोणी प्रथम सोडवले, याची चर्चा पुष्कळ होते. ते शिकवण्याचा खर्च कोणी उचलला आणि शिकण्यासाठी आत कोणाला घेतले, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. पाटणच्या शिलालेखात पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत कोरलेले आहे. दुसऱ्याचे उत्तर तो ज्या भाषांत लिहिला गेला, त्या भाषांतून मिळते. या धाग्यात त्या दोन्ही प्रश्नांचा मागोवा आठशे वर्षांमधून नाशिकपर्यंत घ्यायचा आहे.

३/
प्रथम स्थळ. नाशिकहून रेल्वेने निघाले की मनमाड, नांदगाव ओलांडून चाळीसगाव लागते. तेथून सुमारे १८ किलोमीटरवर डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण आहे. आज पाटणादेवीचे स्थान आणि गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते. येथील देवीच्या मंदिरातील शिलालेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. मुंबईतील हे नामवंत वैद्य प्राचीन लेखांचे जाणकार वाचक होते. १८६५ साली प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांच्या काळाविषयीच्या आपल्या निबंधात त्यांनी या लेखाचा उपयोग केला. पुढे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे वाचन सविस्तर प्रसिद्ध केले.

४/
लेखाच्या संस्कृत भागात एका विद्वान घराण्याची वंशावळ येते. त्रिविक्रम हा मूळ पुरुष. त्याच्या पुत्राला, भास्करभट्टाला, भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली. पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर. या महेश्वराचा पुत्र म्हणजे ‘सिद्धान्तशिरोमणी’चे कर्ते भास्कराचार्य. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपालाने त्याला याच नगरातून बोलावून नेले आणि आपल्या दरबारातील पंडितांचा अग्रणी केले. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी होता. मठ स्थापन केला तो या चांगदेवाने, आपल्या आजोबांच्या विद्येसाठी.

५/
यादवांचा उदय आजच्या नाशिक जिल्ह्यात झाला. सिन्नर आणि चांदवडच्या परिसरात या घराण्याची आरंभीची ठाणी होती. राजधानी देवगिरीला गेली ती नंतर. पाटणच्या मुलुखावर यादवांचे मांडलिक असलेले निकुंभ घराणे राज्य करीत होते. त्या घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ च्या श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, मठाला दान दिले. ही तिथी ९ ऑगस्ट १२०७ ला येते. सोइदेवानंतर त्याचा भाऊ हेमाडिदेव गादीवर आला. त्याचाही उल्लेख लेखात आहे.

६/
चांगदेवाची अट साधी आणि नेमकी होती. भास्कराचार्यांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथ, तसेच त्यांच्या वंशजांनी रचलेले ग्रंथ, आपल्या मठात नियमाने व्याख्यान करून शिकवले जावेत. ‘सिद्धान्तशिरोमणी’ची रचना शके १०७२ ची, म्हणजे इ.स. ११५० ची. त्या वेळी भास्कराचार्यांचे वय ३६ होते. ग्रंथाचे चार भाग मानले जातात : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. अर्थात ज्याला पुढे आकाशातील ग्रहांच्या गतीचे गणित करायचे आहे, त्याला आधी बीजगणिताच्या उंबऱ्यावरून जाणे भाग होते. पाटणच्या मठात तो उंबरा ओलांडून देण्याची नित्य सोय झाली.

७/
संस्कृत भाग संपतो आणि अखेरच्या काही ओळींत लेखाची भाषा बदलते. त्या ओळी मराठीत आहेत. मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव लेखांमध्ये त्यांची गणना होते. मठाचे उत्पन्न कोठून यावे, ते या ओळी सांगतात. पाटणमध्ये जो माल विक्रीस येईल, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावा. दर घाण्यामागे पळी पळी तेल द्यावे. येथे जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे. मापणावळ अर्धी मठाला, अर्धी मापाऱ्याला. ग्राहकाकडून पाच पोफळे घ्यावीत. शिवाय ठरावीक मालामागे दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा, खुद्द नगराने देऊ केला.

८/
हा विसोवा किती होता? ‘लीलावती’च्या आरंभी नाण्यांचे कोष्टक आहे. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्माच्या १,२८० कवड्या. लेखातील दाम म्हणजे हाच द्रम्म असे धरले, तर त्याचा विसोवा ६४ कवड्यांचा होतो. रक्कम लहान आहे. परंतु ती एकदाच दिलेली देणगी नव्हती. बाजार चालेल तोवर सौद्यासौद्याला ती साठत राहणार होती. मठाचा आधार एखाद्या दात्याच्या लहरीवर न ठेवता गावाच्या रोजच्या व्यवहारावर ठेवलेला होता. दान राजाचे, पण त्यात नगराचा वाटा वेगळा नोंदवलेला. हा तपशील विशेष लक्षात घ्यावा असा आहे.

९/
या प्रदेशात अशी व्यवस्था नवी नव्हती. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. पैकी २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. हा ठराव निगमसभेत ऐकवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला.

१०/
उषवदाताचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २,००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २० कार्षापण, वर्षाला २४०. लेख सांगतो की वर्षावासात राहणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रासाठी १२ कार्षापण द्यावेत. २० गुणिले १२ बरोबर २४०. ठेव आणि खर्च यांचा मेळ पैशापर्यंत जुळतो. माणशी १२ कार्षापण हवेत, माणसे २० आहेत आणि व्याजाचा दर ठाऊक आहे, तर मुद्दल किती ठेवावे? हा अज्ञात संख्या शोधण्याचाच प्रश्न. तो सोडवणाऱ्या कारकुनाचे नाव दगडावर नाही.

११/
आता मठाच्या आत डोकावू. बीजगणितात अज्ञात संख्येला आज आपण ‘क्ष’ म्हणतो. भास्कराचार्य तिला ‘यावत्-तावत्’ म्हणतात, म्हणजे ‘जितके असेल तितके’. एकाहून अधिक अज्ञाते असली की दुसरे अज्ञात ‘कालक’, तिसरे ‘नीलक’, मग ‘पीतक’, ‘लोहितक’. म्हणजे काळे, निळे, पिवळे, तांबडे. लिहिताना त्यांची आद्याक्षरे घ्यायची : या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणायचे आणि ‘रू’ लिहायचे. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. ही लिपी एकदा अंगवळणी पडली की समीकरण पाटीवर मांडता येते आणि दोन्ही बाजूंवर सारखी क्रिया करून सोडवता येते.

१२/
विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती वर्गसमीकरणाशी. अज्ञाताचा वर्गही आहे आणि अज्ञातही आहे, तेव्हा दोन्ही एकत्र कसे सोडवायचे? या प्रकरणाचे जुने नाव ‘मध्यमाहरण’, म्हणजे मधले पद नाहीसे करणे. ग्रंथातील एक प्रसिद्ध उदाहरण माकडांचे आहे. एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळत आहे. उरलेली १२ माकडे डोंगरावर ओरडत आहेत. कळप किती माकडांचा? आजच्या लेखनात : क्ष² − ६४क्ष = −७६८. दोन्ही बाजूंत ३२ चा वर्ग, म्हणजे १,०२४ मिळवा. डावीकडे (क्ष − ३२)² पूर्ण होतो, उजवीकडे २५६ उरतात. वर्गमूळ १६, धन किंवा ऋण. म्हणून क्ष ४८ किंवा १६.

१३/
दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. तसेच १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. दोन्ही खरी, आणि भास्कराचार्य दोन्ही स्वीकारतात. लगेच पुढचे उदाहरण येते. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून उरलेल्याचा वर्ग गुहेत गेला आणि एक माकड दिसत आहे. येथे उत्तरे ५० आणि ५ येतात. पण ५ घेतले तर पाचवा भाग १, आणि त्यातून ३ वजा जाऊन उणे दोन माकडे उरतात. हे उत्तर घेऊ नये, कारण लोकांचा अशा ऋण संख्येवर विश्वास बसत नाही, असे भास्कराचार्य सांगतात.

१४/
या शेवटच्या वाक्यात शिक्षक दिसतो. दुसरे उत्तर चुकीचे आहे असे तो म्हणत नाही. रीतीने ते निघाले आहे, हे तो दाखवतो. मग प्रश्न ज्या जगातून आला, त्या जगात ते बसते का, हे तपासायला शिकवतो. आज रात्रीच्या वर्गात किंवा अभ्यासकेंद्रात वर्गसमीकरण शिकणारा प्रौढ विद्यार्थी नेमका येथेच अडखळतो : उत्तरे दोन का आली, आणि त्यांतले एक का टाकायचे? ही अडचण १२०७ साली पाटणच्या मठात बसलेल्या विद्यार्थ्यालाही आली असणार. तिची तयारी ग्रंथातच करून ठेवलेली होती.

१५/
बीजगणित कोणासाठी आहे, याविषयी भास्कराचार्यांचे मत आणखी महत्त्वाचे आहे. त्यांच्या लेखी खरे बीज म्हणजे बुद्धी. या, का, नी ही अक्षरे तिच्या मदतीला येतात, इतकेच. पूर्वसूरींनी ही पद्धत विस्ताराने मांडली ती मंदबुद्धींना समजावे म्हणून. म्हणजे चिन्हांचे बीजगणित ही हुशारांची मिरास नसून, ज्याला एका झेपेत उत्तर दिसत नाही त्याच्यासाठी बांधलेल्या पायऱ्या आहेत. आज बीजगणिताकडे हुशारीची चाळणी म्हणून पाहणाऱ्यांना हे वाक्य अनोळखी वाटेल. ते बाराव्या शतकातले आहे.

१६/
‘लीलावती’तील श्रोतेही पाहण्यासारखे आहेत. उदाहरणे कधी ‘बाले’ म्हणून मुलीला, कधी मित्राला, तर कधी व्यापाऱ्याला उद्देशून आहेत. अडीच पळे केशराला तीन सप्तमांश निष्क पडतात, तर नऊ निष्कांत किती केशर येईल, हे भास्कराचार्य एका श्रेष्ठ वाण्याला विचारतात. उत्तर साडेबावन्न पळे. लीलावती ही त्यांची कन्या होती आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला, ही कथा मात्र १५८७ साली फैजीने केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून पसरली. तिला समकालीन आधार नाही. समकालीन आहे तो ग्रंथातला संबोधनाचा सूर. आणि त्या सुरात मुलगी आहे, वाणीही आहे.

१७/
आता पाटणच्या शिळेकडे परत जाऊ. वंशाचा गौरव, ग्रंथांची नावे आणि व्याख्यानाची अट संस्कृतात आहे. तेल, सुपारी, माप आणि विसोवा मराठीत. कारण उघड आहे. ज्याला कर द्यायचा आहे, त्याला तो समजला पाहिजे. तेली, मापारी, वाणी, बैल हाकणारा यांच्यासाठी शेवटच्या ओळी होत्या. वरच्या ओळी त्यांच्यासाठी नव्हत्या. विद्यार्थ्यांची यादी या लेखात नाही. तरी शास्त्रग्रंथांचे अध्ययन संस्कृतात चालत असे, आणि त्या विद्येचे दार बहुसंख्य जातींना व जवळजवळ सर्व स्त्रियांना बंद होते. ग्रंथात वाण्याला प्रश्न विचारला आहे; वर्गात त्याला जागा होती असे मानायला आधार नाही. तेल्याच्या पळीभर तेलावर मठ चालला, पण तेल्याचा मुलगा मठाबाहेर राहिला.

१८/
पुढील सहा शतके ओलांडून एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण शिळेवरील दोन भाषांमधली भिंत तेथे प्रथम हलली. १८२२ साली मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक संस्था निघाली. पुढे ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झाली. तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी अभियंते होते. शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्यांनी हटन या इंग्रज लेखकाच्या गणितग्रंथांच्या आधारे मराठी पुस्तके सिद्ध केली. आशय युरोपातून आला, पण विषयाचे नाव ‘बीजगणित’ हेच राहिले. करवसुलीपुरती शिळेवर उतरलेली मराठी आता समीकरणे मांडू लागली.

१९/
ही दिशा टिकली नाही. १८४० नंतरच्या दशकात मुंबईच्या शिक्षणमंडळात मोठा वाद झाला. उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे, हा अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा आग्रह. देशी भाषांतूनच ज्ञान बहुसंख्यांपर्यंत पोहोचेल, ही जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांची भूमिका. निकाल काळाने पेरींच्या बाजूने दिला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिकचा दरवाजा इंग्रजीच्या बिजागरीवर बसला. बीजगणित शिकायचे तर आधी इंग्रजी शिकायला हवे. संस्कृतची जागा इंग्रजीने घेतली. दाराबाहेर उभे राहणारे बहुतांशी तेच राहिले.

२०/
या विसंगतीवर नेमके बोट ठेवले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. १८५५ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात श्रमिकांसाठी रात्रीची शाळा सुरू केली होती. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरळ हिशेब मांडला. सरकारी महसुलाचा फार मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. म्हणून किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. पाटणच्या शिळेतील शेवटच्या ओळींचा वाचक वरच्या ओळींत आपला वाटा मागू लागला, तो हा क्षण.

२१/
नाशिकमध्ये हा वाटा संस्थांच्या रूपाने उभा राहिला. १९१४ साली जिल्ह्यातील शेतकरी समाजातील कार्यकर्त्यांनी उदाजी मराठा बोर्डिंगची सुरुवात केली. त्यातून मराठा विद्या प्रसारक समाज ही आजची मोठी शिक्षणसंस्था वाढली. आरंभ महाविद्यालयाने न होता वसतिगृहाने झाला, हे अर्थपूर्ण आहे. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले नाही, तर शाळेचे दार उघडे असून उपयोग नव्हता. १९२४ साली शहरात हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय सुरू झाले आणि नाशिकच्या विद्यार्थ्याला पदवीचे शिक्षण गावातच मिळू लागले.

२२/
दार उघडे असण्यात वेळेचाही प्रश्न असतो. याच नाशिकमध्ये १९३० साली काळाराम मंदिराच्या दारासाठी सत्याग्रह झाला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे वर्ग सकाळी भरत, म्हणजे विद्यार्थ्याला दिवसा नोकरी करता येई. पोटासाठी राबणाऱ्याला शिकायचे असेल, तर घड्याळ त्याच्या सोयीने लावले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. चांगदेवाने ग्रंथ ठरवले होते. येथे विद्यार्थ्याचा दिवस पाहून वेळापत्रक ठरले.

२३/
१९८९ साली राज्य विधिमंडळाच्या कायद्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात, गोवर्धन येथे आहे. उषवदाताच्या लेखात विणकरांच्या श्रेणी ज्या गोवर्धनात होत्या, तेच हे नाव. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. शाळा अर्धवट सुटलेल्या, पण वाचता-लिहिता येणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम आखला. तो पूर्ण केला की दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रावाचून पदवीच्या वाटेवर येता येत असे. पुस्तके मराठीत, अभ्यास घरी, मार्गदर्शन जवळच्या केंद्रावर. गृहिणी, कामगार, शिपाई, शेतकरी या दाराने आत आले.

२४/
पूर्वतयारी या शब्दात मोठा प्रश्न दडलेला आहे. अमेरिकेत १९०१ साली इलिनॉयमधील जोलिएट येथे दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय निघाले. अशाच संस्था पुढे कम्युनिटी कॉलेज म्हणून देशभर पसरल्या. नोकरी करणारा तिशीचा माणूस तेथे पुन्हा वर्गात येतो आणि ‘इंटरमीडिएट अल्जेब्रा’ नावाच्या पाठ्यक्रमात वर्गसमीकरणे शिकतो. मदत म्हणून बांधलेली ही पायरी पुष्कळांसाठी अडथळा ठरली. विद्यार्थी पूर्वतयारीतच अडकले आणि पदवीपर्यंत पोहोचले नाहीत. म्हणून २०१७ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून विद्यार्थ्यांना सरसकट अशा वर्गांत बसवण्यावर मर्यादा आणली. पायरी आणि अडसर एकाच दगडाचे असू शकतात. तो दगड कसा ठेवला जातो, यावर सारे अवलंबून असते.

२५/
महाराष्ट्रातही दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागाचे नाव बीजगणितच आहे. त्यात वर्गसमीकरणांचे प्रकरण आहे. ‘अंकगणिती श्रेढी’तला श्रेढी हा शब्द थेट ‘लीलावती’च्या परंपरेतून आला आहे. म्हणजे पाटणच्या मठात संस्कृतात जे शिकवले जात होते, त्याचा बराच अंश आज राज्यातील मराठी माध्यमाच्या मुलामुलींच्या दप्तरात मराठीतून पोहोचतो. ही लहान गोष्ट नाही. पण याच विषयाच्या पेपरात नापास झाल्यावर शाळा कायमची सुटलेली माणसेही गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी दार दुसऱ्यांदा उघडते का, हा प्रश्न अजून संपलेला नाही.

२६/
पाटणच्या लेखाकडे केवळ प्राचीन वैभवाचा पुरावा म्हणून पाहिले, तर त्यातला अर्धा अर्थ हातून निसटतो. एका गावाने आपल्या बाजाराच्या उत्पन्नातून उच्च गणिताच्या अध्यापनाचा खर्च उचलला, हे अभिमानाने सांगावे असेच आहे. ज्यांनी तो खर्च उचलला, त्यांच्या मुलांना तेथे बसता आले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बीजगणित मंदबुद्धींना समजावे म्हणून आहे, असे सांगणारा ग्रंथ त्या मठात रोज उलगडला जात होता. त्या वाक्याला साजेसा वर्ग भरवायला पुढे रात्रशाळा, वसतिगृह, सकाळचे महाविद्यालय आणि मुक्त विद्यापीठ उभे करावे लागले. सार्वजनिक शिक्षणावर खर्च होणारा पैसा आजही सौद्यासौद्यावरील करातूनच जमतो. पळीभर तेल देणारा प्रत्येक जण त्या वर्गाचा हक्कदार आहे.